वहिनींच्या वहीची मागची पानं

३ फेब्रुवारी, मंगळवार
वहिनींनी जाताना ही वही हातात दिली. "रोज लिहा ताई, न्हाई तं डॉक्टर बोलतेत." म्हणून लिहायला घेतलं. पुढून आईच्या गोळ्या, बीपी, खाणं. मागून माझं. दिवसभर तोंडात धरलेलं कुठेतरी टाकायला हवं.
वहिनी गल्लीतल्या बायकांच्या बसने रामेश्वर-कन्याकुमारीला. दहाला परत. लग्नानंतर पहिल्यांदाच एवढ्या लांब. माझा मुलगा-सून मस्कतला परत गेले, मी थांबले. मीच कबूल केलं होतं, तेव्हा तक्रार नाही. माझं विमान बारा तारखेचं. तिथे शिकवणीच्या दहावीच्या मुली वाट बघताहेत, परीक्षा तोंडावर.
आई खुब्याचं हाड मोडून तीन वर्षं अंथरुणावर. जीभ शाबूत.

४ फेब्रु.
कूस बदलताना आई: "शोभा कशी हळू वळवती. तू पोतं लोटल्यावानी करती."
"वहिनी दहाला येतील. तोवर पोतं."
हसली. मग, "तू कवा जानार?" सकाळपासून चौथ्यांदा.
दादाला म्हटलं, दुपारी दोन तास बस आईजवळ. "मंग दुकानावर कोन बसंल? अन् बाईमानसाचं मला न्हाई जमत." खताच्या गोण्या उचलतो. आईखालचं भांडं उचलत नाही.

६ फेब्रु.
नळ आला, नवव्या दिवशी. दोन तास नळी धरून उभी. आतून आईच्या हाका. वहिनी गेल्यापासून भोकरदनचा बाजारही पाहिलेला नाही. फाटकापर्यंत जाते, परत येते.
वहिनींचा फोटो आला. रामेश्वर. गुडघाभर पाण्यात, साडी चिंब, तोंड उघडं टाकून हसताहेत. पटकन ओळखल्या नाहीत.
अजिंठ्याचं आठवलं. मागच्या आठवड्यात आम्ही सगळे गेलो. इथून जेमतेम तासाभराची वाट. जालन्याला कॉलेजात होते तोवर कधी पाहिलं नाही, परदेशातून येऊन मात्र ही तिसरी खेप. सुनेला चित्रांबद्दल बरंच काही सांगितलं. गाडीत एक जागा रिकामी होती. वहिनी चपला घालून ओट्यावर उभ्या. मी म्हणाले, "आईजवळ कोणीतरी हवं ना."
चपला काढल्या त्यांनी. त्या जागेवर आमचे जेवणाचे डबे गेले. धपाटे, ठेचा. सगळे म्हणाले, वा.

८ फेब्रु., रविवार
वहिनींचा फोन. मागे बायकांचा गलका.
"ताई, बस तिरुपतीला बी जाऊन राह्यली. बायका म्हनतेत, एवढं आलो तं दर्शन घिऊन जाऊ. मी एकटी कशी उतरू?"
"कधी येणार?"
"तेरा."
"माझं विमान बाराचं आहे, वहिनी."
मग, "हां. ध्यानात हाये माझ्या."
ध्यानात आहे! फोन ठेवल्यावर अर्धा तास भांडी घासली. स्वच्छ असलेलीसुद्धा.

९ फेब्रु.
आईचा जुना बीपी बघायला वहीची पुढची पानं चाळली. वहिनींचं अक्षर. तीन वर्षं. एक दिवस गाळलेला नाही.
"स. ६ गोळी. पेज अर्धी वाटी. शी झाली. ताईंचे बर्फातले फोटो आले, आईंना दाखवले. बीपी १५०."
"पाठीला पावडर. जखम बरी. ताई इस्तंबूलला. आईंना दाखवले. दु. झोप नाही."
"ताई बोटीत. आईंना दाखवले."
असं बरंच. पुढे वाचलं नाही. मी ते फोटो सगळ्यांना एकदम पाठवत असे. उत्तराला वहिनींचं हात जोडलेलं एक चिन्ह. मला वाटायचं, याहून काही लिहायला त्यांना सुचत नाही.

१० फेब्रु.
ह्यांचा फोन. "बाई का नाही ठेवत तिथे?" ठेवल्या होत्या. दोन. आईने दोघींना पळवलं. वहिनींना पळवता येत नाही, म्हणून त्या आहेत.
विमान पंधरावर ढकललं. मुलींना फोनवरून गणित शिकवलं. मधेच आई ओरडली, "विमल, ओलं झालं!" पलीकडे पाचजणींनी ऐकलं. म्हटलं, पुढचं उदाहरण सोडवा, आलेच.

१२ फेब्रु.
आज कूस बदलली तर आई काही बोलली नाही. घाबरले. विचारलं, दुखलं का?
"न्हाई. आता बराबर वळवतीस." थोड्या वेळाने, "मंग राह्य ना."
पदर नव्हे, माझ्या कुर्त्याची बाही धरून होती. सोडवून घेतली. हळूच, पण सोडवून घेतली.

१३ फेब्रु., शुक्रवार
वहिनी स. ११ ला आल्या. काळवंडल्यात, पाय सुजलेत. आल्या आल्या आईजवळ. "शोभे, मला सोडून कुठं उलथली होतीस?" आई रडली. माझ्यासाठी कधी रडल्याचं आठवत नाही.
जेवणं झाल्यावर हवाली केलं ते असं: गोळ्यांचा डबा, शुक्रवार दुपारपर्यंत रिकामा. बीपीचं यंत्र. कपाटाच्या किल्ल्या दोन. वही, पुढून पूर्ण; मागची पानं कापून घेतली, ही त्यांतलीच.
वहिनींनी किल्ल्या कमरेला न लावता फळीवर ठेवल्या. आत जाऊन एक प्लास्टिकची पिशवी आणली.
"पासपोर्टचा फारम तुम्हीच भरा ताई. मला तुमच्याकडं यायचंय. एक महिना."
"आणि आई?"
"आता तुम्हाला जमतंय की."
चेष्टा नव्हती. दादाने पेपर तोंडासमोर धरला.
मला मिळालं: आधार कार्ड, दहावीची सनद, लग्नाचा दाखला, फोटो दोन, पांढऱ्या भिंतीसमोर काढलेले. पिशवी माझ्या बॅगेत ठेवली. बॅग अजून उघडीच आहे. परवा विमान.