भाकरी न येणारी मुलगी

आई, ती मुलगी कोण, असं तू विचारलं होतंस. तुला जाऊन सात वर्षं झाली, तरी मला उत्तर देता येत नाही.

पुण्याहून बी.ए. होऊन मी नगरला आले, तेव्हा वसतिगृहातल्या मुलींवर लिहिलेले माझे दोन लेख इथल्या साप्ताहिकाने परत केले होते. संपादक म्हणाले, "कॉलेजातल्या पोरींवर काहीतरी खुसखुशीत द्या. लोकांना तेच आवडतं." मग मी एक मुलगी रचली. ती सासूला इंग्रजीत उत्तरं देते, आणि भाकरी थापायची वेळ आली की आधी पुस्तक शोधते. खाली नाव घातलं, 'एक पदवीधर'. पण माझ्या पोरीचं छापून आलंय, असं तू अख्ख्या गल्लीला सांगितलंस.

ती दुपार अजून दिसते: तू रहाटावर सुताच्या कांड्या भरते आहेस, भोवती गल्लीतल्या हातमागवाल्यांच्या बायका बसल्या आहेत, आणि शेजारची सातवीतली पोर लेख वाचते आहे. माझी पुस्तकं मागून नेणारी तीच. कुठे अडखळत नाही, सासूचा आवाजसुद्धा काढते. सगळ्या हसतात, मीही हसते. तुझा रहाट थांबतो.

"तुला तर भाकरी येती की. मंग ही कोन?"

"अगं, गंमत आहे ती."

"व्हय, पर कुनाची?"

दुसऱ्या दिवशी त्या पोरीचे वडील दारात आले. "वहिनी, पोरीला आता शाळंत धाडायची न्हाई. शिकून काय हुतं ते छापूनच आलंय. मी न्हाई म्हनत, तुमच्याच बीएबाईनं लिवलंय."

त्यांना समजवायला तू तीनदा गेलीस. मी एकदाही गेले नाही. गेले असते तर लेख खोटा आहे असं म्हणावं लागलं असतं, आणि तो माझा छापून आलेला पहिला लेख होता. चैत्रात तिचं लग्न झालं. त्या दिवाळीला तू नव्हतीस.

गेल्या महिन्यात त्याच संपादकांनी दिवाळी अंकासाठी 'तसंच काहीतरी' मागितलं. मी लिहिलं, की तशी मुलगी मी कधी पाहिलीच नाही. ज्या पाहिल्या त्यांच्याबद्दल लिहिलं, आणि माझा तो पहिला लेख वाचून दाखवणाऱ्या पोरीचं पुढे काय झालं तेही. रविवारी मोटारीने शेवगावला तिच्या सासरी गेले आणि कागद तिच्या हातात दिले. ती ओळीवर बोट ठेवून, एकेक अक्षर लावत वाचू लागली. स्वतःबद्दलच्या ओळींपाशी आल्यावर थांबली.

"अक्का, माझं नाव नको घालू. तुझं घाल. त्या टायमाला न्हाई घातलंस."

हे पत्र तुझ्या कांड्यांच्या टोपलीत राहील. एक मात्र तुला सांगायला हवं. त्या दिवशी बायका हसल्या होत्या, ते आठवलं की मला अजूनही क्षणभर बरं वाटतं.

तिच्यासमोरच मी लेखाखाली माझं पूर्ण नाव लिहिलं, आणि पाकीट शेवगावच्याच टपालपेटीत टाकून आले.