टोपलीभर माती

कुंभकोणम

चि. हरिप्रसाद,

वाटणीच्या दिवशी माझ्या भागात हातभर खड्डा खणून तू तीच माती परत भरलीस. माती उरली. "अक्का, माती उरते ती जागा घराला चांगली," म्हणालास.

आज मेस्त्रीनं पाया खणला, तर चार फुटांवर चिंध्या, बाटल्या, काळा गाळ. मी सासरी असताना तू इथली माती वीटभट्टीला विकलीस आणि खड्डा कचऱ्यानं भरलास, हे त्यानंच सांगितलं.

त्या दिवशी तू तुझ्या भागातली टोपलीभर माती हळूच मिसळलीस, ते मी पाहिलं होतं. जागा बघायला आलेल्या भटजींसमोर धाकट्या भावाला खोटं कसं पाडू, म्हणून गप्प बसले.

तुझ्या वास्तुशांतीचं बोलावणं आलंय. हे पत्र धाडणार नाही. आहेर म्हणून तुझी ती टोपलीभर माती परत आणीन, आणि त्याच भटजींच्या देखत तुझ्या दारात ओतीन.

तुझी अक्का,
वरलक्ष्मी