आडव्या भाताचे पेढे

टेंभी नाका, ठाणे
७ डिसेंबर २०२५

चि. सरोज हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

बातमी ऐक! भाताच्या नुकसानीचे सरकारी पैसे माझ्या खात्यात जमा झाले. तुझी हेमावहिनी म्हणते, जन्मभर कारकुनी केलीत आणि रिटायर झाल्यावर शेतकरी झालात! सोसायटीत पेढे वाटले, सगळे बळीराजा म्हणून चिडवतात. थोडी भर घालून हॉलमध्ये एसी बसवला. उन्हाळ्याआधी स्वस्त पडला.

यंदाचे तांदूळ न्यायला अजून यायचंय. गोणी भरून ठेव, जुने संपत आलेत. तब्येतीला जप.

तुझा,
गुरुदत्तदादा


मोहने
१२ डिसेंबर

ती. दादास,
सरोजचा नमस्कार.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहितेय. पेढे गोड होते ना? शी!

दिवाळीनंतर पाऊस कोसळला तेव्हा कापलेलं भात शेतातच आडवं होतं. लोंब्यांना कोंब फुटले. तलाठी पंचनाम्याला आले तेव्हा चिखलात मी उभी होते, सडका भारा हातात धरून फोटोही माझाच काढला. तो कुजका वास अजून नाकातून जात नाही. आणि सातबाऱ्यावर नाव तुझं, म्हणून पैसे तुला!

बाबा गेल्यावर तूच म्हणालास, बहिणीने हक्क सोडला की माहेर टिकतं, जमीन काय, तूच कसशील. मी हक्कसोडीवर सही केली. आमचे हे गेल्यापासून त्याच शेतावर माझी चूल पेटते. तांदूळ कुठून देऊ? बियाण्यालाही हातात दमडी नाही. ते पैसे पाठवून दे. नाहीतर जूनमध्ये पेरू काय, तुझा एसी?

वहिनींना नमस्कार.
सरोज


टेंभी नाका, ठाणे
१८ डिसेंबर

चि. सरोज,
आशीर्वाद.

किती तोंड वाजवतेस गं! कायद्याने जमीन माझी, म्हणून पैसे माझे. तरी मी काय परका आहे? पुढच्या भाऊबीजेला चांगली ओवाळणी घालीन.

आता एक काम कर. कोणीतरी तक्रार केलीय, शेत खरं कोण कसतं याची चौकशी व्हायची आहे. साहेब आले की सांग, दादा शनिवार-रविवार येऊन शेती करतात, मी नुसती राखण करते. घरातलं घरात राहू दे. पैसे परत द्यायची वेळ आली तर मला जमीन विकावी लागेल, मग तू कुठे जाशील?

तुझ्याच भल्याचं सांगणारा,
दादा


मोहने
३० डिसेंबर

दादा,

काल साहेब येऊन गेले. त्यांना बांधावरून सगळीकडे फिरवलं. तू शिकवलेलं वाक्य तोंडाशी आलं, ते तसंच गिळलं रे. तुझी लाज मलाच वाटली. मग सांगून टाकलं, रोपांसाठी राब भाजण्यापासून झोडणीपर्यंत सगळं मी करते. मालक वर्षातून एकदा येतात, तांदळाच्या गोणी न्यायला, आणि पायाला माती लागेल म्हणून गाडीतून खाली उतरत नाहीत.

जमीन विकायची तर खुशाल वीक. स्टेशनबाहेर भाकऱ्या भाजून विकीन, पण तुझी राखणदार म्हणून जगणार नाही. तुझे आशीर्वादही आता पाठवू नकोस.

निघताना साहेबांनी विचारलं, गुरुदत्त तुमचे कोण?

मी म्हटलं, लाभार्थी.

सरोज