तू दिलेल्या पिना

अम्मी,
तुझ्या थोरलीचा सलाम. मी मजेत आहे, उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

जुन्या कपड्यांच्या दुकानात अखेर मनासारखा कोट मिळाला, तोही अगदी स्वस्तात. घोट्यापर्यंत लांब, बाह्या मनगटाखाली. आधीची मालकीण चांगली धिप्पाड असणार, आत तू आणि मी दोघी मावू! कोपरावर विरला होता, तेवढं रफू केलं. मागे मोठी टोपी आहे. ती ओढली की आत स्कार्फ आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. थंडीला बरं पडतं.

अब्बांचा खोकला थांबला का? धाकटी इकडे यायचं म्हणतेय, तिला एवढ्यात नको म्हणावं.

आणि हो, तू बांधून दिलेल्या पिना तशाच पडून आहेत. त्याच दुकानातून एक गुळगुळीत स्कार्फ घेतलाय, तो नुसता गुंडाळते. ‘नीट लाव, सुटेल,’ म्हणून तू ओरडशील. पण अम्मी, बसस्टॉपवर मागून कुणी ओढला, तर तो सुटूनच यायला हवा. मागच्या वेळी पिना होत्या, म्हणून गळ्याला फास बसला.

अब्बांना फक्त कोटाचं सांग.

तुझी,
थोरली