बेटावरचा राजा

मंगळवार, संध्याकाळ. पार्सिपनी.

विन्याशी बोलायचंच नाही. पण परदेशात एका खोलीत राहून, एकाच हॉटेलच्या किचनमध्ये राबून ते जमणार कसं?

कणीक मळताना तो कानात गोष्टी ऐकतो. आज ग्रीक महाकाव्य. युद्धावर गेलेला राजा वीस वर्षांनी भिकाऱ्याच्या वेशात घरी येतो. बायको इमानी राहिली का, ते बघायला!

विन्या म्हणाला, "तूपण खोट्या नावानं सुनीतावहिनींना मेसेज टाक. कळेल लगेच."

"आणि राजा स्वतः कुठं होता?"

"सात वर्षं बेटावर, एका देवीपाशी. पण रोज किनाऱ्यावर बसून घरासाठी रडायचा यार!"

वा रे वीर! रात्री देवी, दिवसा रडणं, आणि परीक्षा बायकोची. तिच्याशी लग्न करायला घरात ठाण मांडून बसलेले मागणीवाले तिनं एकटीनं थोपवले, त्याचं काही नाही? सुनीता तिकडे गावी माझ्या आजारी आईला भरवते. तिची परीक्षा मी घेऊ? विन्याला वाटेल ते बोललो.

तो शांतपणे म्हणाला, "काल मारियाच्या गाडीतून उतरायला एवढा वेळ का लागला? मी खिडकीत होतो."

मारिया आमच्याच किचनमधली. रोज घरी सोडते, एवढंच. काल तिनं रविवारी जेवायला बोलावलं. एकट्याला. मी हो म्हणालो.

आत्ता तिला 'येत नाही' कळवलं. उद्यापासून बसनं घरी.

राजाला बेटावरून हलवायला देवांचा हुकूम लागला. मला विन्या लागला, याचाच जास्त संताप येतोय.