दुकानावरची खोली

अहो,

"शांते, म्हातारपणी तळ्याकाठी घर बांधू," असं दुकानाच्या गर्दीत तुमी म्हणला होता, तवा मी नुसती हसले होते.

मी नांदूरघाटला लेकाकडं, वीरेशकडं चाललेय, उद्या सांजच्या मोटारीनं येते. तुमी तळ्यावर पाखरं बघत बसलात, म्हणून हाक मारली न्हाई. भाकरी दुरडीत हाय, हरभऱ्याच्या कवळ्या पाल्याचा घोळाणा झाकून ठेवलाय. पूजेला बेल तोडलाय. पहाटे स्वेटर घाला.

काल पाहुण्यांना तुमी सांगितलं, "हिला इथली शांतता लई मानवली." मी चहा गाळत होते. मला न्हाई मानवली. दिवसभर दारात येऊन कुणी 'काकू' म्हणत न्हाई. वीरेशनं तिथं आपल्या दुकानात एसटीडी बूथ टाकला, पण वरची आपली खोली रिकामीच हाय. मला तिथं परत राहायचंय, अन् तुमच्याबिगर न्हाई.

शांतादेवी