अंतराळातून न परतलेला माणूस

रविवार, संध्याकाळ. जुना जालना.

इतके दिवस मोबाईलवर पाहिलेली ती अंतराळाची मालिका आज माझी बघून संपली, आणि वाईटच संपली. यान भरकटलं ते भरकटलंच. त्यातला शास्त्रज्ञ परत आला नाही. त्याची बायको इकडे पृथ्वीवर रोज वायरलेसपाशी बसून त्याला हाका मारायची. शेवटी ती उठली, वायरलेस बंद केला आणि चहा ठेवला. एवढंच! हा काय शेवट झाला?

मला आधी आक्काच आठवली. शहागडला तीही हीच मालिका बघते. दाजी ट्रकच्या अपघातात गेले त्याला अजून वर्षही झालं नाही. तिनं हे बघायला नको, म्हणून लगेच फोन लावला.

"आक्का, शेवटचा भाग बघू नको गं. काहीच्या काही दाखवलंय."

"पाह्यला की कालच. मला आवडला."

वायरलेस बंद करणारा तो हात माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हता, आणि हिला आवडला?

"बाकी सगळ्या मालिकांत गेलेला माणूस परत येतो," आक्का म्हणाली. "मंग माझं ध्यान उगंच दाराकडं जातं. ह्याच्यात न्हाई आला. बराबर केलं त्यांनी."

आणि मी तिला जपायला निघाले होते! मग तीच म्हणाली, "उद्या येती का? मोबाईलवर परत लावू. शेवटी शेवटी मला धड दिसलंच न्हाई. डोळे भरून आल्ते."

ह्यांना सांगून टाकलं, सकाळच्या बसनं जाते.